तांडेलाचं इंजिन

काशिराम तांडेलांची बोट भर वादळात बंद पडली, तेव्हा ते करंजाड्यातल्या तिसऱ्या मजल्यावरच्या फ्लॅटमध्ये प्लास्टिकच्या खुर्चीत एक पाय दुमडून बसले होते. बंदर अगदी हाकेच्या अंतरावर आलेलं. तेवढ्यात पडदा काळा झाला, टेबलाखालच्या डब्याची घरघर थांबली आणि दर्या, लाटा, दीपस्तंभ, सगळं एकदम नाहीसं झालं. काशिरामांनी डब्याला हात लावला आणि चटका बसल्यासारखा मागे घेतला.

"मेलं परत तापलं," ते म्हणाले. ऐकायला घरात कोणी नव्हतं, आणि नव्हतं म्हणूनच ते मोठ्याने बोलू शकत होते.

ज्या खऱ्या बोटीचे ते तांडेल, म्हणजे कप्तान, होते, ती त्यांनी गुडघे कुरकुरायला लागल्यावर पुतण्याच्या हवाली केली होती. गव्हाणचं घर बंद करून ते आणि सोनाबाई मुलाकडे राहायला आले. मुलगा प्रितेश बंदरावरच्या एका शिपिंग ऑफिसात कामाला होता. जहाजांचे कागद तो रोज हाताळायचा, प्रत्यक्ष जहाजात मात्र त्याला मळमळायचं. सोनाबाई अजूनही पनवेलच्या बाजारात मासळी घेऊन बसायच्या. राहता राहिले काशिराम. फ्लॅटच्या खिडकीतून त्यांना समोरच्या बिल्डिंगची खिडकी दिसे, आणि त्या खिडकीतून एक म्हातारा त्यांच्याकडे बघत बसलेला असे. दोघांनाही एकमेकांचा कंटाळा आला होता.

त्यातून त्यांना बाहेर काढलं गेमच्या एका तबकडीने. प्रितेशने बंदुकीचे गेम खेळायला म्हणून कॉम्प्युटरमध्ये भारीतलं ग्राफिक्स कार्ड बसवून घेतलं, तेव्हा त्याच्यासोबत बोट चालवायचा एक गेम फुकट आला. "यात गोळीबारच नाही," म्हणून प्रितेशने तो एका दिवसात सोडून दिला. पुढे एका दुपारी काशिरामांचा हात माऊसला लागला आणि पडद्यावर निळाशार दर्या पसरला. आधी त्यांना भरून आलं. मग त्यांनी चुका काढायला घेतल्या. भरती-ओहोटीला काही ताळतंत्र नव्हतं, बोटीवर चूल नव्हती आणि ओरडायला एकही खलाशी नव्हता. तरी ते रोज दुपारी बोट काढू लागले. तेही अगदी शिस्तीत. पावसाळ्यात मासेमारीला बंदी असते, म्हणून आषाढभर त्यांनी गेमला हात लावला नाही. नारळी पुनवेला माऊसवरून नारळ ओवाळला आणि मगच बोट पुन्हा पाण्यात घातली.

घरात हे कुणालाच ठाऊक नव्हतं. सांगायची सोयच नव्हती. "डोलं फुटतील तुजं! गेम खेलून कोन मोटा झालाय?" हे वाक्य काशिरामांनी प्रितेशला इतकी वर्षं ऐकवलं होतं की आता ते परत गिळणं अवघड होतं. दुपारी आपण कॉम्प्युटरवर कीर्तन ऐकतो, असं त्यांनी जाहीर करून टाकलं होतं. नवऱ्याला उशिरा का होईना देव आठवला, याचं सोनाबाईंना फार कौतुक होतं.

आणि आता ऑक्टोबरच्या उन्हात हा डबा तापायला लागला. बोट खाडीच्या बाहेर पडते न पडते तोच सगळं बंद. प्रितेशच्या बंदुकाही अशाच ऐन लढाईत गप्प होऊ लागल्या. शेवटी बुधवारी जेवताना तो म्हणाला, "आई, ऑफिसातून मला लॅपटॉप मिळतोय. हा डबा रविवारी मिथुनला देऊन टाकतो. आमच्या ऑफिसातलाच आहे तो. म्हणाला, मी करून घेईन रिपेअर."

काशिरामांचा घास हातातच राहिला. "बरा चालतोय की तो. मंग देतोस कशाला?"

"बरा कुठे बाबा? सारखा बंद पडतो. तुझं कीर्तन मी मोबाइलवर लावून देईन ना."

कीर्तनाचं नाव निघाल्यावर काशिरामांना पुढे बोलता येईना. खरी बोट गेली तेव्हा त्यांनी मन घट्ट केलं होतं. पण माणूस मन घट्ट करून करून किती वेळा करणार? त्यांनी ठरवलं, रविवारच्या आत इंजिन थंड करायचं. चालू बोट कोणी देऊन टाकत नाही.

खालच्या मजल्यावर निनाद राहायचा. महापेच्या एका कॉम्प्युटर कंपनीत होता आणि नुकताच पुण्याहून आला होता. काशिरामांनी त्याला जिन्यात गाठलं.

"पोरा, माज्या एका वलखीच्याचा कॉम्प्युटर तापतोय. म्हातारा मानूस हाय बिचारा. दुपारचा एकटा असतो."

"गेम खेळतात का ते?"

"नाय बा! म्हंजे... खेलत असंल थोडा. त्याचं काय खरं नाय."

निनाद हसला नाही, हे त्याचं मोठेपण. "मग ग्राफिक्स कार्ड ओव्हरहीट होत असणार, काका. चित्रं दाखवणारं कार्ड असतं ते. गेममध्ये त्याच्यावर लोड येतो, ते तापतं, आणि फार तापलं की जळू नये म्हणून मशीन आपोआप बंद होतं."

"म्हंजे इंजिनाला थंड पानी मिलत नाय."

"पाणी नाही काका, हवा! त्यांना म्हणावं, आतली धूळ झाडा, बाजूचा पत्रा उघडा ठेवा. टेम्परेचर खाली आलं पाहिजे, बस्स."

काशिराम मान डोलवत वर आले. पोरगं हुशार होतं, पण दर्यावर गेलेलं नव्हतं. हवेने कधी इंजिन थंड होतं का? तरी मोठ्या मनाने त्यांनी आधी पोराचं ऐकलं. दाढीच्या ब्रशने धूळ झाडली, पत्रा काढला, समोर टेबलफॅन लावला. बोट थोडी लांब गेली आणि बसली. मग त्यांनी आपल्या पद्धतीने घ्यायचं ठरवलं. बोटीवर इंजिन तापलं की त्यांच्याकडे एक हुकमी उपाय असे. त्यांनी माळ्यावरचं गोणपाट काढलं, भिजवून घट्ट पिळलं आणि डब्याच्या डोक्यावर पागोट्यासारखं बांधलं. डबा जरा शांत वाटला. पण फॅनची हवा गरमच होती. थंड हवा आणायची कुठून?

ती घरातच होती. सोनाबाईंची थर्माकोलची पेटी मोरीत ठेवलेली असे. दुसऱ्या दिवशीच्या मासळीसाठी तिच्यात बर्फ भरलेला. काशिरामांनी पेटी ओढत प्रितेशच्या खोलीत आणली, झाकण उघडलं, फॅन तिच्या मागे ठेवला आणि तिच्यावरून येणारं वारं थेट डब्यात सोडलं. काय सांगावं! बोट खाडी ओलांडून गेली, दीपस्तंभाला वळसा घालून गेली, काशिरामांना गाणं म्हणावंसं वाटलं. फक्त त्या पेटीत कैक वर्षांच्या बोंबलांचा आणि कोळंबीचा आत्मा वास करून होता. तोही वाऱ्याबरोबर बाहेर पडला आणि जिन्याने खाली उतरू लागला.

शुक्रवारी पहाटे सोनाबाईंनी पेटी उघडली, तर तळाला नुसतं पाणी. "माजा बर्फ कोन खातो?" त्यांनी विचारलं. प्रितेश म्हणाला, त्याला माहीत नाही. काशिराम दात घासत होते. ते नेहमीपेक्षा बराच वेळ दात घासत राहिले.

सोनाबाईंनी नवा बर्फ आणला, थोडा पेटीत परत भरला आणि उरलेला बाजारात नेला, पण त्यांचं धंद्यात लक्ष लागेना. बर्फ जातो. दुपारी खोलीला कडी असते. परवा शेजारीण म्हणाली होती की तुमच्या घरातून दुपारचं ओरडणं ऐकू येतं. कीर्तनात माणूस ओरडतो, पण त्याला बर्फ लागत नाही. बर्फ कशाला लागतो ते सोनाबाईंना चांगलं माहीत होतं. प्रितेश लहान होता तेव्हा काशिरामांनी देवीसमोर नारळ हातात घेऊन दारू सोडली होती. त्याआधीची वर्षं सोनाबाई कुणाला सांगत नसत. त्यांनी उरलेली मासळी शेजारच्या मैनाच्या पाटीत टाकली आणि भर बाजार सोडून घर गाठलं.

खोलीचं दार बंद होतं. त्यांनी कान लावला.

"हल्लू... हल्लू... डुलतंय गो बाय, डुलतंय!" आतून काशिरामांचा आवाज आला. "आता पडतंय! सरल व्हय मेल्या, सरल!"

सोनाबाईंनी तिथूनच प्रितेशला फोन लावला. "प्रितेश, येतोस का रं घरी? तुजा बा परत प्यायला लागला."

प्रितेश हाफ डे टाकून आला. जिन्यात त्याला निनाद भेटला, नाकाला रुमाल लावलेला. तो घरूनच काम करत होता आणि आपल्या बाथरूममधल्या वासाचा उगम शोधत वर निघाला होता. तिघं दाराशी उभी राहिली. आत लाटांचा आवाज होता, वाऱ्याचा आवाज होता, आणि मध्येच काशिराम कुणाला तरी शिव्या घालत होते.

"बाबा, दार उघड!"

आत काहीतरी घाईघाईने सरकवल्याचा आवाज आला. प्रितेशने खांदा लावला, कडी निखळली, दार धाडकन उघडलं आणि मागे आणून ठेवलेल्या पेटीवर आपटलं. पेटी कलंडली. बर्फाचं पाणी लादीवरून पसरत एक्स्टेंशन बोर्डापाशी गेलं. 'फट्' असा आवाज झाला आणि पंखा, कॉम्प्युटर, फ्रिज, घरातलं सगळं एका दमात थांबलं.

काशिराम खुर्चीत होते. शेजारी डोक्याला ओलं गोणपाट बांधलेला कॉम्प्युटर होता. आडव्या पेटीपाशी शेजाऱ्यांचं मांजर बर्फ चाटत होतं. ते केव्हा आलं ते कुणालाच कळलं नव्हतं.

सोनाबाई पुढे झाल्या. "तोंड उगडा."

"गो, ऐक तं..."

"तोंड उगडा बोलते ना!"

काशिरामांनी तोंड उघडलं. सोनाबाईंनी वास घेतला, पुन्हा घेतला आणि हताश होऊन मुलाकडे बघितलं. "काय कलत नाय रं. अख्ख्या खोलीलाच मासलीचा वास."

"आई, बाटली कुठेच नाहीये." प्रितेशने टेबलाखाली बघितलं होतं. मग त्याने कीबोर्डवर ठेवलेला बापाचा हात पाहिला, माऊसवरचा दुसरा हात पाहिला, आणि त्याचा चेहरा हळूहळू बदलत गेला. "बाबा... तू गेम खेळत होतास?"

"त्यांचा तो ओळखीचा म्हातारा..." निनाद पुटपुटला आणि त्याने रुमाल अजून वर ओढला.

काशिराम पायाच्या अंगठ्याने लादीवरचं पाणी पुसत राहिले. "बोट व्हती," ते म्हणाले. "गेम नाय, बोट."

सोनाबाई पलंगावर बसल्या. "दारू नाय ना?"

"नाय गो. तुजी आन."

त्यावर सोनाबाई रडल्या. रडता रडता नवऱ्याला 'खोटारडा, कीर्तनकार' असं म्हणाल्या आणि पदराने त्याचे ओले हातही पुसले. प्रितेशने हसू दाबत कलंडलेली पेटी सरळ केली. आपला बाप रोज दुपारी समोरच्या खिडकीतल्या म्हाताऱ्याकडे बघत बसतो, एवढंच त्याला माहीत होतं.

"सांगायचंस ना रे बाबा," तो म्हणाला. "मी आता मिथुनला शब्द देऊन बसलोय. त्याने घरी टेबलसुद्धा करून घेतलं."

"दिलास ना? मंग द्याचा," काशिराम म्हणाले. "आपली दर्यावरची मानसं. सबूद दिला की दिला." हे म्हणायला त्यांना किती जड गेलं ते त्यांनी दाखवलं नाही. पण ते इतक्या चटकन उठून गॅलरीत गेले की सगळ्यांनाच दिसलं.

बिघडलेली वस्तू तशीच मिथुनच्या गळ्यात मारणं कुणालाच पटेना. शनिवारी निनादने कॉम्प्युटर सुटा केला आणि गच्चीवर उन्हात ठेवला. सोनाबाईंनी तिथे आधीच सुकट घातलं होतं. त्यांनी काठी घेऊन कावळ्यांपासून दोन्हींची राखण केली. ऊन कलल्यावर निनादने कार्ड हातात घेऊन उलटं केलं.

"काका, हे बघा. कार्डाचा पंखा खालच्या बाजूला असतो, वरून दिसत नाही. याच्यात दोरा गुंडाळला गेलाय. पंखा फिरतच नव्हता."

पांढरा, हळद लागलेला दोरा. त्यात झेंडूची एक सुकी पाकळीही होती. तिघांनी सोनाबाईंकडे बघितलं.

"दसऱ्याला हत्यारं पुजायची का नाय?" सोनाबाई एकदम चढ्या आवाजात म्हणाल्या. "प्रितेशचं हत्यार ह्योच ना? हार घसरत व्हता, म्हनून दोरा त्या वरच्या जालीत ओवला न् गाठ मारली. सुकल्यावं ओढला तं तुटला. मना काय म्हाईत आत पंखा हाय?"

काशिरामांनी कपाळाला हात लावला. त्यांना बायकोचा राग आला नव्हता. "पंख्यात दोरी!" ते म्हणाले. "बोट बंद पडली की तांडेल पयलं काय बगतो? पान्यातल्या पंख्यात जालं गुतलंय का, ती बगतो. बारका पोरगा पन सांगंल. न् मी बर्फ घालत बसलो!"

"पण बर्फाने चालली थोडी, काका," निनाद म्हणाला. भला मुलगा होता.

दोरा निघाला. रविवारी सकाळी सगळं जोडलं तेव्हा डबा गार राहिला, पंखा भिरभिरला आणि बोट कुठेही न अडखळता बंदराबाहेर पडली. प्रितेश मिथुनसाठी मिठाई आणायला खाली गेला. रिकाम्या हाताने पाठवू नये म्हणे. काशिराम शेवटची फेरी मारत होते. ते मुद्दाम हळू चालले होते.

सोनाबाई दारात येऊन उभ्या राहिल्या, मग खुर्चीमागे आल्या.

"ह्ये असं दिसतं?" त्यांनी विचारलं. "जमीन दिसायची बंद झाल्यावं?"

"असंच. चारी बाजूंनी पानी."

"माजं लगीन झाल्यापासून मी बंदरावं उभी. बोट गेली की बगायची, आयली की मासली उचलायची. पलीकडं काय हाय ती कदी दावलंव नाय."

"बाया बोटीवं येत नाय गो. रीत हाय."

"ही बोट टेबलावं हाय. हितं कंची रीत?"

काशिराम खुर्चीतून उठले. सोनाबाई पदर खोचून बसल्या आणि मासळीची पाटी उचलावी तसा त्यांनी माऊस मुठीत धरला. बोटीने आधी एक गिरकी घेतली, मग दुसरी. काशिराम ओरडले, सोनाबाई उलट ओरडल्या. मग बोट सरळ झाली. वारा सुटला, लाटा उंच झाल्या आणि सोनाबाईंचे डोळे लहान मुलीसारखे मोठे झाले.

अशा वेळी मिथुन आला. बरोबर रिक्षा थांबवलेली, हातात बांधायला सुतळी.

"नमस्कार काकी. कॉम्प्युटर न्यायला आलोय."

सोनाबाईंनी मागे वळून बघितलं नाही. "बोट दर्यात हाय. भर दर्यात बोट कोन देतं का? किनाऱ्याला लागू दे, मंग ने. बस तवर."

हे काही चूक नव्हतं. मिथुन बसला. काशिरामांनी त्याला चहा दिला, मग तळलेले बोंबील दिले. प्रितेश मिठाई घेऊन परत आला आणि दारातच थबकला. आई सुकाणूवर, बाप शेजारी उभा, आणि मिथुन ताटली मांडीवर घेऊन सांगतोय, "काकी, लाट आडवी घेऊ नका, समोरून घ्या!"

बंदर दिसू लागलं. मिथुनने सुतळी हातात घेतली. सोनाबाईंनी बंदराकडे नीट निरखून बघितलं आणि बोट मागे वळवली.

"काकी, किनारा आला होता ना?"

"किती बोटी लागल्यात बगलास? आता गेलो तं मासलीला भाव नाय मिलायचा. त्या हलू दे, मंग जाऊ."

खाली रिक्षावाल्याने हॉर्न वाजवला. मग पुन्हा वाजवला. सोनाबाई दुसऱ्यांदा बंदराजवळ आल्या तेव्हा त्यांना पाण्याचा रंग आवडला नाही. तिसऱ्यांदा त्यांनी कारणही दिलं नाही. मिथुनने शेवटचा बोंबील संपवला, सुतळीचं भेंडोळं खिशात घातलं आणि प्रितेशला बाजूला घेतलं.

"राहू दे रे," तो म्हणाला. "माझं टेबल मी शेजारच्या पोरांना अभ्यासाला देईन. तुझी आई किनाऱ्याला लागेल असं काही मला वाटत नाही."

प्रितेशने त्याच्या हातात मिठाईचा पुडा कोंबला आणि त्याला खालपर्यंत सोडून आला. रिक्षा रिकामीच गेल्याचं काशिरामांनी गॅलरीतून बघितलं. त्यांना इतका आनंद झाला की त्यांनी समोरच्या खिडकीतल्या म्हाताऱ्याला हात केला. म्हाताराही दचकून हात करून बसला.

ते खोलीत परतले आणि खुर्चीमागे उभे राहिले. एकदा खाकरले. मग खाली वाकून लाडीगोडीच्या सुरात म्हणाले, "गेला गो तो. आता जरा मना दे."

"बोटीवं तांडेल एकच असतो," सोनाबाई पडद्यावरची नजर न हलवता म्हणाल्या. "तुमीच सांगायचे ना सगल्यांना?"

काशिरामांनी टेबलफॅनचं तोंड डब्याकडे नीट वळवलं आणि ते भात टाकायला स्वयंपाकघरात गेले.